आमेदच्या काळ्या वाळूवर जाताना बॅगेत काय काय

बालीच्या पूर्वेकडच्या आमेदची वाळू काळी आहे ती आगुंग ज्वालामुखीमुळे. आपल्या पारसिकच्या डोंगराचा दगडही लाव्ह्याचाच, त्यामुळे रंग ओळखीचा वाटेल. बॅग मात्र अलिबागला जाताना भरतो तशी भरून चालत नाही.

आधी पायांचं बघा. दुपारी ही वाळू तव्यासारखी तापते आणि पाण्यात उतरताना गोटे, प्रवाळाचे तुकडे टोचतात. चपला पाण्यात निसटतात. रबरी तळाचे, पाण्यात घालायचे बूट घ्या आणि ते घट्टच घ्या. सैल असले की वाळू शिरून फोड येतात.

या वाळूत मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. इअरबड्सची डबी, मोबाइलचं कव्हर, पर्सचं बटण, जिथे जिथे चुंबक असेल तिथे ते लोखंडाच्या किसासारखे बसतात आणि झटकून जात नाहीत. डबी खोलीवरच ठेवा, फोन झिपच्या पिशवीत. चिकटलेच तर सेलोटेप दाबून उचला. किल्लीला लाल किंवा पिवळा गोंडा बांधा, कारण काळ्या वाळूत काळी वस्तू पडली की गेलीच.

टर्किश टॉवेलऐवजी पंचा न्या, झटकला की मोकळा. अंगावरची ओली वाळू पुसू नका. टाल्कम पावडर भुरभुरवून हाताने झाडा.

आमेदमधल्या जेमेलुकचा किनारा आडोशाचा, लाट लहान, प्रवाळ पोहत जाण्याइतकं जवळ. म्हणून पाण्याखाली बघायचा काचेचा मास्क स्वतःचा असलेला बरा. दुकानात पट्टा न लावता चेहऱ्यावर धरा आणि नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर माप बरोबर. नव्या काचेला आतून टूथपेस्ट चोळून धुवा, नाहीतर वाफ धरते. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी झिरपतं. नाकाखालची एक रेघ तरी साफ करा. निघण्याआधी दोन दिवस पालिकेच्या तरणतलावात नळीतून श्वास घ्यायचा सराव हवाच. तिथे पाण्यात उतरायचं ते सकाळी लवकर, आणि प्रवाळावर पाय टेकायचा नाही.

कागदपत्रांत पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. पोचल्यावरच्या व्हिसाला ५ लाख रुपया आणि पर्यटक कर माणशी दीड लाख रुपया. आकडे त्यांच्या चलनातले आहेत, दचकू नका. प्लगला दोन गोल पिना लागतात, आपला तीन पिनांचा बसत नाही. पॉवर बँक हातातल्या बॅगेत.

पाडव्याला जोडून सुट्टी काढणाऱ्यांनी आधी न्येपीची तारीख पाहावी. ते तिथलं शक नववर्ष. बऱ्याचदा पाडव्याच्या आसपासच येतं आणि त्या दिवशी बालीचा विमानतळ २४ तास बंद असतो. विमानतळ असलेल्या देनपसारहून आमेद गाडीने अडीच-तीन तास, म्हणून रात्री उतरणारं विमान टाळा. आणि तिकिटावर विमानतळ मुंबईचा सहारचा आहे की नवी मुंबईचा उलव्याचा, हे गाडी सांगण्याआधी नीट वाचा. ठाण्याहून दोन्हींचे रस्ते वेगळे.