मृगाच्या आत केंदाळ काठावर घ्या

वैशाखात उजनी धरणाचं पाणी उतरलं की फुगवट्याच्या कडेला जलपर्णी, म्हणजे आपलं केंदाळ, चिखलावर टेकतं. एरवी त्यासाठी होडी लागते, आता ते दाताळ्याने ओढता येतं. मृगाचा पाऊस झाला, पाणी चढलं, की ते पुन्हा तरंगून पंपाच्या तोंडाशी येणार. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेलं केंदाळ उन्हाळ्यात साधारण 2 आठवड्यांत दुप्पट होतं. त्यामुळे "नंतर बघू" इथे फार महाग पडतं.

जांभळी फुलं दिसायच्या आत काढलेलं उत्तम. फूल सुकलं की देठ पाण्याकडे वाकतो आणि बी गाळात पडतं. ते 15-20 वर्षं जिवंत राहू शकतं. गाळपेर, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणी, करणाऱ्यांनी ओल्या गाळात उगवलेली बारीक रोपंही खुरपून घ्यावीत, हे काम हमखास राहून जातं.

काढलेला ढीग काठावर ठेवू नका; पहिल्या पुरात तो परत नदीत जातो. पूररेषेच्या वर न्या आणि 3-4 दिवस उन्हात सुकवा. केंदाळात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, वाहतूक निम्म्याहून हलकी होते. मग तुकडे करून उसाचं पाचट, शेणकाला आणि केंदाळ यांचे थर द्या. नुसत्या केंदाळाचा ढीग सडून वास मारतो, पाचटाने तो मोकळा राहतो. ढीग आतून चांगला तापला पाहिजे. दर 15 दिवसांनी उलथा, म्हणजे बाहेरचा भागही आत जाईल. अडीच-तीन महिन्यांत खत होतं, त्यात पालाश भरपूर असतं. फुलावर आलेलं केंदाळ मात्र खताला घेऊ नका, ते वाळवून जाळा. शहराच्या सांडपाण्यातलं केंदाळ जड धातू शोषून घेतं. त्याचं खत पालेभाज्यांना देऊ नका आणि ते जनावरांपुढेही टाकू नका.

टू-फोर-डी हे तणनाशक फवारायचा मोह आवरा, ही माझी कळकळीची विनंती. त्याच पाण्यावर शेजाऱ्याची द्राक्षं, टोमॅटो, कडधान्यं असतात. त्यांना त्याचा थोडा अंशही बाधतो. शिवाय मेलेलं केंदाळ तिथेच कुजून पाण्यातला प्राणवायू संपवतं आणि मासे मरतात.

पंपाच्या पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी असलेल्या फुटव्हॉल्व्हभोवती जाळीचा पिंजरा आणि त्याच्या बाहेर दोराने बांधलेली बांबूची आडवी तरंगती काठी लावा. केंदाळ तिला अडतं आणि रोज सकाळी ओढून घेता येतं. थरात हात घालण्याआधी काठी फिरवा, खाली साप असतात.