प्रगणक दारात येण्याआधी

फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणनेचे प्रगणक माणसं मोजायला येतील. बर्फाळ प्रदेश सोडले तर देशभर हिशोब धरला जाईल तो २८ फेब्रुवारी संपून १ मार्च लागताना, रात्री बारा वाजताचा. वय, शिक्षण, कामधंदा ही माहिती घरात कुणीही सांगेल. धर्म, जात आणि भाषा यांबद्दल मात्र आधी सगळ्यांनी मिळून बोलून घ्या. बहुतेक घरांत सगळ्यांची उत्तरं एकटा कर्ता माणूसच देतो.

जास्त वेळ मातृभाषेला द्या. २०११ च्या सूचनांप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आई तुमच्याशी बोलायची ती. शाळेत शिकलात ती नव्हे, राज्याची म्हणून ठरलेली नव्हे. प्रत्येकाची वेगळी विचारा; लग्न होऊन आलेल्या सुनेची मातृभाषा सासरी बदलत नाही. आई अहिराणीत, पावरीत, मालवणीत बोलली असेल तर बेधडक तेच नाव सांगा. २०११ ला देशभरातून १९,५६९ नावं आली, छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या. त्यातून १०,००० हून जास्त बोलणारे असलेल्या १२१ भाषांची यादी झाली. अहिराणी खानदेशीत गेली, मालवणी कोकणीत, बंजारी आणि लमाणी थेट हिंदीत. हे गट मला पटत नाहीत. पण गटाच्या आतही या बोलींचे आकडे वेगळे छापले जातात, आणि ते तुमच्या तोंडून नाव निघाल्याशिवाय तयार होत नाहीत. ‘मराठीच लिहा, काय फरक पडतो?’ असं कुणी म्हणेल. ८ कोटी ३० लाखांच्या मराठीला खरंच पडत नाही. सव्वासात लाखांच्या कोरकूला फार पडतो. येणाऱ्या इतर भाषा गेल्या वेळी दोनच लिहिता येत होत्या, तेव्हा कोणत्या ते ठरवून ठेवा.

धर्माच्या रकान्यात हिंदू, मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, जैन यांपलीकडचा धर्म असेल तर पूर्ण नाव लिहून घ्यायला सांगा. सरना धर्म मानणाऱ्या सुमारे ४९ लाख आदिवासींनी २०११ ला तेच केलं.

जातीबद्दल नीट बोला. या वेळी सगळ्यांची जात नोंदवली जाणार आहे. १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेत छापलेच गेले नाहीत. अनुसूचित जाती-जमाती तेवढ्या मोजल्या गेल्या. आडनाव म्हणजे जात नव्हे, आणि ‘आदिवासी’ एवढ्यावर थांबू नका, जमातीचं नाव सांगा. बौद्ध कुटुंबांनी धर्म बौद्ध सांगितला तरी अनुसूचित जातीचं नाव नोंदवता येतं. १९९० पासून कायद्यानेच ते मान्य आहे. तो निर्णय तुमचा, पण घरात एकमताने घ्या.

कागदपत्रं शोधत बसू नका, आपल्या माहितीप्रमाणे खरं सांगायचं एवढंच कायदा मागतो. १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार तुमची नोंद इतर कुणाला पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची सक्तीसुद्धा बाईवर नाही. प्रगणकाने मोबाइलवर भरलेलं एकदा वाचून दाखवायला सांगा.

आणि घरातलं कुणी ऊसतोडीला गेलं असेल तर आजच फोन करा. फेब्रुवारीत हंगाम चालूच असतो, त्यांची मोजणी कारखान्याकडच्या कोप्यांवर (झोपड्यांवर) होईल. मातृभाषा गोरबोली (बंजारा समाजाची बोली) असेल तर तिथल्या प्रगणकाला तिचं नाव आपणहून सांगायचं, हे त्यांना आधी माहीत हवं.