पहिल्या सत्रात टिपणे त्याच दिवशी पडताळावीत

शाळेत शिक्षक तोच भाग पुन्हा पुन्हा घोटून घेतात. विद्यापीठात मात्र व्याख्यान बहुधा एकदाच होते आणि ते समजले की नाही, हे परीक्षेपर्यंत सहसा कोणी विचारत नाही. म्हणून पदवीच्या पहिल्या सत्रात प्रत्येक व्याख्यानातील मुद्दे त्याच दिवशी, वही मिटलेली ठेवून, आठवतील तेवढे कोऱ्या कागदावर लिहावेत आणि मगच वही उघडून काय राहून गेले ते ताडून पाहावे. नव्याने पाठ केलेल्या मजकुराचा विसर पहिल्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने पडतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवले होते. त्यामुळे सगळे आठवड्याअखेरीस उरकण्याचा बेत फसतोच. ताडताना जे अडेल त्याचा नेमका प्रश्न समासात लिहावा: ‘हे प्रकरण कळले नाही’ असा मोघम नव्हे, तर ‘तिसऱ्या पायरीत हे चिन्ह ऋण का झाले?’ असा. असा प्रश्न हाती असला की भिडस्त विद्यार्थ्यालाही प्राध्यापकांशी बोलणे जड जात नाही. टिपणे सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवण्याचा खटाटोप मात्र करू नये. त्यात वेळ जातो आणि लक्षात फारसे राहत नाही.