पार्किन्सन, एएलएस आणि पॅलिएटिव्ह ओपीडी : या चुका टाळा

पॅलिएटिव्ह ओपीडी म्हणजे आजाराचा त्रास कमी करायला मदत करणारा बाह्यरुग्ण विभाग. पण ‘पॅलिएटिव्ह’ म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असं समजून बरेच जण पेशंट अंथरुणाला खिळल्यावरच येतात. न्यूरॉलॉजिस्टचे उपचार चालू असतानाच ही ओपीडी सुरू करायची असते.

एएलएसमध्ये, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होण्याच्या आजारात, उशीर फार महागात पडतो. ‘अजून गिळता येतंय की’ म्हणून थेट पोटात अन्न देणाऱ्या नळीचा विषय टाळला जातो. पण फुफ्फुसांची क्षमता, म्हणजे एफव्हीसी, ५० टक्क्यांखाली गेली की नळी बसवण्यातला धोका वाढतो. जेवण तासभर लांबतंय, पाण्याने ठसका लागतोय, कपडे सैल होताहेत? तेव्हाच विचारा.

सकाळी डोकं जड, दिवसभर पेंग, उताणं झोपलं की धाप, हा ‘अशक्तपणा’ नव्हे. श्वासाचे स्नायू थकल्यामुळे रात्री कार्बन डायऑक्साइड साठत असतो. अशा वेळी घरचे ऑक्सिजनचं मशीन भाड्याने आणतात. नुसत्या ऑक्सिजनने ऑक्सिजनचा आकडा सुधारलेला दिसतो, साठलेला वायू मात्र वाढू शकतो. इथे बहुधा बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला जोर देणारं मशीन, लागतं.

पार्किन्सनमध्ये घोळ होतो तो गोळ्यांचा. मळमळ झाली की दुकानातून पेरिनॉर्म किंवा स्टेमेटिल येतं, रात्री भास झाले की कुणीतरी हॅलोपेरिडॉल लिहून देतं. तिन्ही औषधं डोपामिनचं, म्हणजे हालचालींना लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचं, काम अडवतात. पेशंट आणखी आखडतो. ही नावं फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा. अचानक भ्रम झाला तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता आणि नुकतीच सुरू झालेली गोळी तपासायला सांगा.

लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सनचं मुख्य औषध, घड्याळ लावून, शक्यतो जेवणाआधी अर्धा तास घ्यावं. दूध-अंड्याबरोबर घेतलं तर ते नीट लागू पडत नाही. ओपीडीच्या दिवशी नंबराची वाट पाहताना नेमकी दुपारची गोळी राहते, डॉक्टरांना पेशंट आखडलेला दिसतो आणि विनाकारण डोस वाढतो. डबी आणि पाणी बरोबर ठेवा. आधीच्या ३ दिवसांची वहीही आणा : गोळी किती वाजता, अंग कधी मोकळं झालं, कधी आखडलं. ‘बरं नाही वाटत’ यापेक्षा ती वही उपयोगी. गोळी मनाने बंद तर मुळीच करू नका; तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं.

व्हेंटिलेटर हवा की नको, हे पेशंटला स्पष्ट बोलता येतंय तोवर त्याच्याच तोंडून ऐका आणि इच्छापत्रात लिहून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३च्या आदेशानंतर अशा इच्छापत्राला २ साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. एक प्रत फाइलमध्ये, एक फॅमिली डॉक्टरांकडे.