विमानाच्या आधी प्रवेशाचं तिकीट

परदेशी फिरायला जाण्याआधीच्या तयारीबद्दल हे लिहितेय, पण पासपोर्ट, व्हिसा, विमा, औषधं याबद्दल इथे काही लिहीत नाही. ते कुणी विसरत नाही. विसरतात ती पाहायच्या ठिकाणांची तिकिटं, आणि रोमला जाताना मीही तीच विसरले होते. रांगेत उभं राहू, मिळेल, असं धरून कलोसियमपाशी गेले तर त्या दिवसाची तिकिटं संपलेली. शेवटी दाराजवळ घुटमळणाऱ्या एका दलालाकडून दामदुप्पट देऊन ‘रांगेशिवाय प्रवेश’ घेतला, त्याचा गट जमेपर्यंत उन्हात थांबले आणि आत जेमतेम फिरता आलं. पर्यटकांसाठीचे बहुतेक सापळे असेच असतात. बिनतिकिटाने दारात ताटकळणारा माणूस हेच त्यांचं गिऱ्हाईक.

म्हणून पहिलं काम हे, आणि विमान ठरवायच्याही आधी: ज्यांच्यासाठी एवढ्या लांब जायचं ती दोन-तीन ठिकाणं कागदावर लिहा आणि त्यांची तिकिटं कधी खुली होतात ते बघा. अॅमस्टरडॅमच्या अॅन फ्रँक हाउस या संग्रहालयाची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी पुढच्या सहाव्या आठवड्याची खुली होतात आणि भराभर संपतात. तिथे खिडकीवर जाऊन विनवण्या करून उपयोग नाही. मिलानला लिओनार्दोचं ‘द लास्ट सपर’ हे भित्तिचित्र थोड्या थोड्या लोकांना, तेही 15 मिनिटंच बघू देतात, त्यामुळे आयत्या वेळी तिकीट मिळेल ही आशाच सोडा. स्पेनमधल्या ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रा या किल्ल्यात आतल्या नासरिद राजवाड्यांची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की बागा बघा आणि परत या. तेव्हा आधी तिकिटाची तारीख, मग त्या गावातला मुक्काम, मग विमान. उलट क्रमाने करू नका. व्हिसा हातात नसताना तिकिटात पैसे कशाला गुंतवायचे, असं वाटेल. ते परत मिळणार नाहीत हे बहुतेक ठिकाणी खरंच आहे, पण विमान-हॉटेलच्या खर्चापुढे ही रक्कम लहान आहे आणि प्रवास त्याच जागेसाठी आहे.

तिकीट त्या ठिकाणाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच काढा. शोधात सगळ्यात वर येतं ते अनेकदा जाहिरातीतलं दुकान असतं. नाव, रंग, फोटो सगळं अस्सल वाटेल असं. एकाच पानावर दहा शहरांची तिकिटं दिसली, गाइड सक्तीचा दिसला, की तिथून बाहेर पडा. न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या बेटावर उतरवणारी अधिकृत फेरी एकाच कंपनीची आहे, आणि तिची माहिती अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या पानावर आहे. ती फेरी सुटते त्या बॅटरी पार्कबाहेर जॅकेट घालून तिकिटं विकणारे बऱ्याचदा नुसत्या लांबून फिरवणाऱ्या बोटीत बसवतात. लांबूनच बघायचं असेल तर स्टेटन आयलंडची फेरी फुकट आहे! नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, कलोसियमला आता तिकिटावर नाव असतं आणि दारात ताडून बघतात. तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवा. दारात इंटरनेट चालेलच असं नाही.

सुट्टीचा वारही याच बैठकीत बघून टाका. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा आणि फ्लॉरेन्सचं उफिझी हे कलासंग्रहालय सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात. महिन्याचा शेवटचा रविवार तेवढा उघडा आणि फुकट, म्हणूनच त्या दिवशी तिकडे फिरकू नका.

आता उगाच गाजलेल्या जागा. यादी करताना प्रत्येक नावापुढे ‘मला इथे काय बघायचंय’ हे एका ओळीत लिहा. ‘सगळे जातात म्हणून’ एवढंच सुचलं तर नाव खोडा. व्हेरोनात शेक्सपिअरच्या ज्युलिएटचं म्हणून दाखवतात त्या घराचा सज्जा विसाव्या शतकात बसवलेला आहे. बर्लिनच्या भिंतीवरच्या चेकपॉइंट चार्ली या नाक्याची चौकी ही प्रतिकृती आहे, आणि भोवती फोटो-स्मरणिकांचा बाजार. भिंतीने शहराचं काय केलं हे समजून घ्यायचं असेल तर बेर्नाउअर श्ट्रासवरच्या स्मारकाला जा. तिथे भिंतीचा खरा पट्टा आहे, मधली मोकळी जीवघेणी जागा दिसते, आणि प्रवेशाला पैसे नाहीत. लूव्रमधली मोनालिसा मात्र मी खोडणार नाही, फक्त अपेक्षा बदला. चित्र 77 बाय 53 सेंटिमीटरचं, काचेमागे, पुढे फोनचं जंगल. तिच्याकडे पाठ करा: समोरच्या भिंतीवर वेरोनेझे या चित्रकाराचं ‘काना गावातलं लग्न’ आहे, जवळजवळ दहा मीटर रुंद, आणि त्या खोलीतले बहुतेक लोक त्याच्याकडे बघतही नाहीत. मग बाहेरच्या लांब दालनात लिओनार्दोचीच आणखी चित्रं निवांत बघता येतात. व्हेनिसला दिवसभराची धावती भेट देऊन ‘गर्दीच फार’ म्हणू नका. रात्री राहा, सकाळी लवकर बाहेर पडा. गोंडोलाची हौस नसेल तर ग्रँड कॅनॉलवरून जाणारी एक नंबरची सार्वजनिक बोट तेच वाडे दाखवते.

लूव्रचंही तिकीट वेळेचंच असतं. काढलंत ना? की अजून वाचतच आहात?

तिथे पोचल्यावर लक्षात ठेवायचं ते थोडकं. बँकॉकला राजवाड्याबाहेर कुणी आपुलकीने ‘आज बंद आहे, चला दुसरीकडे नेतो’ म्हणालं की ते बहुधा रत्नांच्या दुकानात नेणं असतं. दार गाठा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वेळा आधी बघून ठेवलेला माणूस या बोलण्याला सहसा फसत नाही. पॅरिसला साक्रे-कूर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधायला येतात आणि मग पैसे मागतात; हात खिशात ठेवा. बीजिंगला अनोळखी तरुणांनी चहाला बोलावलं तर नको म्हणा, बिल तुमच्याच गळ्यात पडतं. प्रसिद्ध चौकातल्या टेबलावर बसण्याआधी दरपत्रक बघा. काही ठिकाणी बसण्याचे आणि वाद्यवृंदाचेही पैसे लागतात. कार्ड देताना यंत्र चलन विचारेल, तेव्हा त्या देशाचंच निवडा. टॅक्सी अधिकृत रांगेतलीच घ्या. पॅरिस आणि रोममध्ये विमानतळ ते शहर भाडं ठरलेलं आहे, आकडा आदल्या रात्री बघून ठेवा.