आधी डमी लोड, मग दुरुस्ती: हॅम रेडिओ सेटची पूरक साधने आणि दोषशोध

हॅम (हौशी) रेडिओचा ट्रान्सीव्हर, म्हणजे प्रक्षेपण आणि ग्रहण दोन्ही करणारा सेट, उघडण्यापूर्वी डमी लोड हाताशी असायलाच हवा. अँटेनाच्या जागी जोडायचा हा ५० ओहमचा भार सेटमधून निघालेली शक्ती हवेत न सोडता तिची उष्णता करतो. त्यामुळे चाचणी चालू असताना इतरांच्या संभाषणात व्यत्यय येत नाही, आणि दोष सेटमध्ये आहे की अँटेनात, हेही पहिल्या मिनिटातच कळते. तयार डमी लोड मिळतात. तरीही पहिला आपल्या हाताने बनवावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण सोल्डरिंगचा सराव आणि मोजमापाची सवय या दोन्ही गोष्टी त्यातून आपोआप साधतात.

त्यासाठी १ किलो-ओहम, २ वॉटचे कार्बन फिल्म किंवा मेटल ऑक्साइड प्रकारचे २० रेझिस्टर घ्यावेत. ते सर्व समांतर जोडले की एकूण रोध ५० ओहम आणि क्षमता ४० वॉट होते. तार गुंडाळून केलेले वायरवाउंड रेझिस्टर वापरू नयेत. ते डीसीवर अचूक असले तरी रेडिओ वारंवारतेवर कॉइलसारखे वागतात. तांब्याच्या पत्र्याच्या दोन चकत्यांना प्रत्येकी २० छिद्रे पाडून, रेझिस्टरचे पाय शक्य तितके आखूड ठेवून ते दोन्ही चकत्यांना सोल्डर करावेत. एका चकतीला सॉकेटची मधली पिन आणि दुसरीला सॉकेटचे बाहेरचे अंग जोडावे. मल्टीमीटरवर ४९ ते ५१ ओहमच्या दरम्यान रोध आला तर काम ठीक झाले. रेझिस्टरांमध्ये हवा खेळायला जागा ठेवली, तरी सलग वापर २० वॉटपर्यंतच ठेवावा. १०० वॉटच्या सेटची चाचणी शक्ती कमी करून घेता येते.

याच डमी लोडला शक्तिमापकाची जोड देणे सोपे आहे. मधल्या पिनेला १एन४१४८ डायोडचा अॅनोड जोडावा, कॅथोडपासून जमिनीला (सॉकेटच्या बाहेरच्या अंगाला) ०.०१ मायक्रोफॅरडचा किमान १०० व्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर लावावा, आणि तेथून १० किलो-ओहमच्या रेझिस्टरमार्फत मल्टीमीटरकडे तार न्यावी. मीटरवर लहरीच्या शिखराचा दाब (व्होल्टेज) दिसतो. त्यात डायोडमध्ये गळणारा सुमारे अर्धा व्होल्ट मिळवून बेरजेचा वर्ग करावा आणि त्याला १०० ने भागावे, म्हणजे वॉट मिळतात: मीटरवर ३१ व्होल्ट दिसले तर शक्ती जवळपास १० वॉट. मात्र या डायोडवर शिखराच्या दुप्पट उलटा दाब पडतो आणि त्याची मर्यादा १०० व्होल्ट आहे, म्हणून या जोडणीतही २० वॉटच्या पुढे जाऊ नये. मापन सीडब्ल्यू (मोर्ससाठीची अखंड लहर) किंवा एफएमवर घ्यावे. आवाजाबरोबर शक्ती बदलणाऱ्या एसएसबी प्रकारात बोलताना काटा किंवा आकडा स्थिर राहत नाही.

संगणकावरून डिजिटल मोड (मजकूर ध्वनिसंकेतांनी पाठवण्याच्या पद्धती) चालवणाऱ्यांसाठी दुसरे उपयुक्त साधन म्हणजे ऑडिओ इंटरफेस, म्हणजेच संगणक आणि सेटमधली आवाजाची जोडणी. संगणक आणि सेट यांच्या जमिनी थेट जोडल्या गेल्या की घुंईई असा गुणगुणाट शिरतो आणि सेट बिघडल्याचा समज होतो. दोन्ही दिशांच्या ऑडिओ मार्गात १:१ प्रमाणाचा ६०० ओहमचा ट्रान्सफॉर्मर आणि पीटीटीसाठी (प्रक्षेपण सुरू करणाऱ्या बटणासाठी) पीसी८१७ सारखा ऑप्टोकपलर (प्रकाशाने संकेत पुढे देणारा घटक) घातला की जमिनींमधली ही थेट जोडणी तुटते. मायक्रोफोनच्या बाजूला १० किलो-ओहम आणि १०० ओहमचा विभाजक लावून संगणकाचा आवाज सुमारे शंभरपट कमी करावा, आणि एएलसीचा (शक्ती आपोआप मर्यादेत ठेवणाऱ्या मंडलाचा) काटा हलू लागेल इतका तो वाढवू नये.

आता दुरुस्तीकडे. पहिला संशय नेहमी वीजपुरवठ्यावर घ्यावा. १०० वॉटचा सेट प्रक्षेपणाच्या वेळी १३.८ व्होल्टवर सुमारे २० अँपिअर ओढतो; तारेत आणि फ्यूजधारकात मिळून केवळ ०.१ ओहम रोध असला तरी २ व्होल्ट वाटेतच जातात. म्हणून दाब पुरवठ्याच्या टोकाला न मोजता सेटच्या टोकाला, तोही पीटीटी दाबलेला असताना मोजावा. मी एकदा सेट बंद पडतो म्हणून आतली सगळी सर्किटची पाटी तपासून काढली होती; दोष फ्यूजधारकाच्या काळवंडलेल्या पट्टीत निघाला. फ्यूज लगेच उडत असेल तर पुरवठा उलटा जोडला गेला असण्याची शक्यता असते: संरक्षक डायोड त्यात शॉर्ट होतो. तो बदलावा, काढून टाकून सेट चालवू नये, आणि फ्यूज मोठ्या अँपिअरचा तर मुळीच घालू नये.

ग्रहण मंद येत असून एकदा पीटीटी दाबून सोडल्यावर ते सुधारत असेल, तर अँटेना बदलणाऱ्या रिलेचे संपर्क मळलेले असतात. उघडता येणाऱ्या रिलेत आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेली कागदाची पट्टी संपर्कांमधून अलगद ओढावी. पॉलिश पेपर वापरला तर मुलामा निघून रिले कायमचा बिघडतो. प्रक्षेपणाची शक्ती एकाच बँडवर (वारंवारतेच्या पट्ट्यावर) कमी असेल तर त्या बँडचा लो-पास फिल्टर (वरच्या नकोशा वारंवारता अडवणारा भाग) आणि त्याचा रिले पाहावा. सगळ्या बँडवर सारखीच कमी असेल तरच ड्रायव्हर आणि फायनल या शक्ती वाढवणाऱ्या शेवटच्या टप्प्यांकडे वळावे. एवढी एक तुलना केली तर निम्मी पाटी तपासावीच लागत नाही.

फायनल ट्रान्झिस्टर बदलताना पायांची मांडणी प्रत्येक वेळी डेटाशीटवरून पडताळावी. आरडी१६एचएचएफ१ मध्ये धातूची पाठ सोर्स या पायाला जोडलेली असते, तर आयआरएफ५१० मध्ये ती ड्रेन या पायाला असते. त्यामुळे दुसऱ्याला हीटसिंकपासून अभ्रकाच्या किंवा सिलिकॉनच्या पातळ थराने वेगळे ठेवावेच लागते. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधावा, थर्मल पेस्ट पातळ लावावी. सेट सुरू करण्यापूर्वी बायसचा प्रीसेट (ट्रान्झिस्टरचा स्थिर प्रवाह ठरवणारा छोटा फिरता रोध) सर्वांत कमी बाजूला फिरवावा, डमी लोड जोडावा आणि पुरवठ्यात अँपिअरमीटर घालावा. एसएसबीवर मायक्रोफोनचा गेन (आवाजाची पातळी) शून्य ठेवून पीटीटी दाबावी आणि दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या आकड्यापर्यंत निष्क्रिय (संकेत नसतानाचा) प्रवाह हळूहळू वाढवावा. प्रीसेट न हलवताही प्रवाह चढत राहिला, तर ट्रान्झिस्टर तापून स्वतःलाच अधिक चालू करत आहे असे समजून पीटीटी तत्काळ सोडावी आणि हीटसिंकचे स्क्रू व पेस्ट पुन्हा पाहावी. प्रवाह स्थिर राहिल्यावर गेन वाढवून शक्ती मोजावी, आणि बायस, प्रवाह व प्रत्येक बँडची शक्ती झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह कागदावर लिहून चिकटवावी.