आठही दिवे लागले तरी लॅन का रडते?

ऑफिसातले दहा-बारा पीसी, एक प्रिंटर आणि राउटर तारेने जोडून लॅन, म्हणजे ऑफिसातलं जाळं, करायचं आहे? मग १६ पोर्टचा गिगाबिट स्विच घ्या. लोक त्याला अजूनही 'हब'च म्हणतात, म्हणोत बापडे. खरा जुना हब माळ्यावर सापडला तर तिथेच राहू द्या. एका पोर्टात आलेलं तो सगळ्या पोर्टांत ओततो. स्विच मात्र कोणतं मशीन कुठल्या पोर्टावर आहे ते लक्षात ठेवतो.

केबल कॅट-६, अस्सल तांब्याची. तार ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरी दिसली तर ती मुलामा दिलेली ॲल्युमिनियम आहे, परत करा. स्विचपासून मशीनपर्यंत १०० मीटरच्या आत राहा आणि विजेच्या वायरींच्या पट्टीतून केबल नेऊ नका.

आता क्रिम्पिंग, म्हणजे केबलच्या टोकाला टूलने कनेक्टर दाबून बसवणं. इथेच माझी एकदा पुरती जिरली होती.

"रंग कसेही लावा, दोन्ही टोकांना सारखे असले की झालं," हा सल्ला तुम्हालाही कोणीतरी देईल. मलाही दिला होता. केबलमध्ये आठ तारा दोन-दोन पिळून चार जोड्या असतात, प्रत्येक जोडीत एक रंगीत आणि एक त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी. एका सीएंच्या ऑफिसात मी त्या जोड्या ओळीने लावल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. टेस्टरवर १ ते ८ दिवे क्रमाने लागले, मी पैसे घेऊन घरी. जुलैअखेर, रिटर्न भरायच्या ऐन गर्दीत त्या सीएंचा फोन: जवळची मशीन चालतात, टोकाच्या खोलीतली सारखी तुटतात. मी स्विच बदलला, लॅन कार्ड बदललं. दोन दिवस गेले.

दोष रंगांच्या क्रमात होता. ३ आणि ६ नंबरच्या पिना मिळून एक जोडी होते, त्यामुळे त्या दोन्ही तारा एकमेकींना पिळलेल्याच हव्यात. माझ्या क्रमात ३ वर पांढरी-हिरवी आणि ६ वर निळी आली होती. पीळ तुटला की एका जोडीतला सिग्नल दुसरीत झिरपतो. आखूड वायरीत ते खपून जातं, लांब वायरीत नाही. साधा टेस्टर तार कुठून कुठे पोचली एवढंच सांगतो, जोडी फुटलीय हे त्याला कळत नाही.

म्हणून क्रम हाच: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीला मध्ये घेऊन बसते, एवढं ध्यानात ठेवा. कनेक्टरची क्लिप खाली आणि पितळी पिना पलीकडे धरल्या की पहिली तार डावीकडे येते. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका. वरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलंच पाहिजे. ते बाहेर राहिलं तर खुर्ची सरकली की वायर निसटते. टूल दाबायच्या आधी पारदर्शक टोकातून आठही तारा पुढे भिडल्यात का बघा. नसतील तर कापा, पुन्हा करा. कनेक्टर स्वस्त असतो.

दोन्ही टोकांना नंबर चिकटवा.

काही अडलं तर आधी पोर्टचा दिवा बघा. दिवाच नाही? वायर बदला. विंडोज १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएस दाखवत असेल तर बहुधा एखादी तार नीट बसलेली नाही. मशीनचा आयपी पत्ता १६९.२५४ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. मध्येच कोणी वायफायसाठी दुसरा राउटर लावला असेल तर त्याचं डीएचसीपी, म्हणजे मशीनना पत्ते वाटायचं काम, बंद करा.

सगळेच दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील आणि आख्खं ऑफिस ठप्प असेल, तर बहुधा एकाच वायरीची दोन्ही टोकं स्विचमध्ये गेली आहेत. झाडू मारताना लोंबणारी वायर दिसली की कोणीतरी ती भल्या मनाने रिकाम्या पोर्टात खोचतं. एकेक वायर काढत जा, दिवे शांत झाले की ती सापडली.